क्विन्सी जोन्सने नक्की केलं काय? संगीतकार, अरेंजर की प्रोड्युसर?

उशिराची_गाडी:

नमस्कार मंडळी, गेले दोन आठवडे एकच नाव माझ्या मागे लागलंय आणि इथे जाणकार आहेत म्हणून विचारते. झालं असं की मायकल जॅक्सनची थ्रिलर ही रेकॉर्ड मी शाळेपासून ऐकतेय, गाणी तोंडपाठ, पण कव्हरवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते कधी वाचलं नव्हतं. परवा वाचलं तर प्रोड्युसर क्विन्सी जोन्स. बरं. दोनच दिवसांनी गायक फ्रँक सिनात्राची काउंट बेसीच्या जॅझ बँडबरोबरची, लास वेगासच्या सँड्स हॉटेलातली लाइव्ह रेकॉर्ड लावली, १९६६ ची, तर तिथे अरेंजर आणि कंडक्टर क्विन्सी जोन्स. मग रात्री इन कोल्ड ब्लड बघायला बसले, १९६७ चा ब्लॅक अँड व्हाइट सिनेमा, अंगावर काटा आणणारा, तर श्रेयनामावलीत संगीत क्विन्सी जोन्स! मला आधी खरंच वाटलं की एकाच नावाचे दोन-तीन लोक असतील.

माझी अडचण अशी आहे की आपल्याकडे निर्माता म्हटलं की पैसे घालणारा माणूस डोळ्यासमोर येतो. चाल लावतो तो संगीतकार, वाद्यं बसवतो तो संयोजक, इथपर्यंत कळतं. पण थ्रिलरमधल्या बिली जीनचे शब्द मायकलचे, चाल मायकलची, गायलंय पण त्यानेच, मग क्विन्सीने केलं काय? आणि जो माणूस जॅझ बँडचं करत होता तो सिनेमाचं संगीत करून मग पॉपमध्ये कसा काय आला, म्हणजे एकाला सोडून दुसरं धरलं की सगळं एकाच वेळी चालू होतं? कुठून ऐकायला सुरुवात करू तेही सांगा प्लीज.


रात्रपाळी:

माणूस एकच आहे. जन्म १४ मार्च १९३३ शिकागो, ३ नोव्हेंबर २०२४ ला लॉस एंजेलिसला गेला, वय ९१. २८ ग्रॅमी आणि ८० नामांकनं. द कलर पर्पल सिनेमाच्या निर्मात्यांत तो होता, म्हणजे तुम्ही म्हणताय त्या अर्थाचा निर्मातापण. टीव्हीवर फ्रेश प्रिन्स ऑफ बेल-एअर मालिका त्याच्याच कंपनीची. व्हाइब नावाचं मासिक काढलं. आयर्नसाइड या टीव्ही मालिकेचं शीर्षक संगीत त्याचं, ते सायरनसारखं सिंथेसायझर ऐकलं असेल तुम्ही, नाव माहीत नसेल इतकंच.

सविस्तर लिहायला ट्रम्पेट दादा येतीलच, त्यांचा आवडता विषय.


तिसरा_ट्रम्पेट:

आलोच. धाग्याचं नाव वाचून लॉगिन केलं, हा माणूस म्हणजे माझा जीव की प्राण. मी गेली बावीस वर्षं स्टुडिओत लोकांच्या चालींना वाद्यं बसवायचं काम करतोय, त्याआधी ब्रास सेक्शनमध्ये, म्हणजे ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांच्या ताफ्यात वाजवायचो, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

गाडीताई, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं की तो शेवटपर्यंत अरेंजरच होता. बाकी जे जे केलं ते त्याच कामाचं वाढत गेलेलं रूप. अरेंजरच्या हातात चाल तयार येते. ती कुठल्या पट्टीत घ्यायची, लय काय ठेवायची, सुरुवातीला कोण वाजवणार, गायक आला की कोणी गप्प बसायचं, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कुठली ओळ कुणाच्या तोंडी शोभेल, हे तो ठरवतो. आता हेच काम कागदावरच्या सुरांऐवजी माणसांवर करायला लागा, की तुम्ही रेकॉर्ड प्रोड्युसर झालात. गाणी कुठली घ्यायची, लिहायला कुणाला बोलवायचं, गिटारला कोण, माइकमागे कोण, एकच गाणं पुन्हा पुन्हा रेकॉर्ड करतात त्यातला कुठला टेक ठेवायचा. म्हणून मला तो एका धंद्यातून दुसऱ्यात उड्या मारणारा वाटतच नाही.

लहानपण बघा. आईला स्किझोफ्रेनिया, हा लहान असतानाच तिला इस्पितळात न्यावं लागलं, वडील सुतारकाम करायचे. युद्धाच्या काळात वडिलांना वॉशिंग्टन राज्यात ब्रेमर्टनला काम मिळालं म्हणून सगळे तिकडे गेले. तिथे अकरा वर्षांचा असताना हा आणि बाकीची पोरं एका करमणूक केंद्रात रात्री घुसली, उद्देश काय तर आत ठेवलेले लेमन पाय खायचे. खाऊन झाल्यावर हा उगाच एकेक दार उघडून बघत होता, एका अंधाऱ्या खोलीत एक छोटा पियानो दिसला, दार लावून घेत होता पण परत वळला, आत गेला आणि पट्ट्यांवर बोटं ठेवली. त्याने ही गोष्ट आयुष्यभर सांगितली. पुढे सिएटलला गेल्यावर चौदाव्या वर्षी त्याला थोडासाच मोठा, अंध असलेला एक पियानोवाला भेटला जो स्वतःचं स्वतः सगळं करायचा आणि ब्रेलमध्ये स्वरलेखन कसं करायचं तेपण दाखवायचा. तो रे चार्ल्स. ही दोस्ती पुढे सिनेमात पण कामाला आली.

मग बोस्टनला आज ज्याला बर्कली म्हणतात त्या शाळेत शिष्यवृत्ती, ती अर्ध्यात सोडून लायनेल हॅम्प्टनच्या बँडमध्ये ट्रम्पेट, १९५३ ला युरोप दौरा. १९५६ ला जॅझ ट्रम्पेटवाला डिझी गिलेस्पीच्या बँडचा अमेरिकन सरकारने काढलेला दौरा, त्यात संगीताची सगळी जबाबदारी याच्यावर, वय तेवीस!

आता इथे मला जरा थांबायचंय. १९५७ ला हा पॅरिसला गेला, बार्क्ले रेकॉर्ड्समध्ये नोकरी धरली आणि नादिया बूलांजे या नामांकित संगीतशिक्षिकेकडे शिकायला लागला. का गेला? कारण अमेरिकेत काळ्या अरेंजरला ब्रास आणि रिदमचं काम मिळायचं, व्हायोलिनच्या ताफ्यासाठी लिहायचं काम कुणी द्यायचं नाही. त्याला स्ट्रिंग्ज लिहायच्या होत्या. तिकडे बार्क्लेमध्ये रोज समोर व्हायोलिनवाले बसलेले, सकाळी लिहा आणि दुपारी वाजवून घ्या. ज्याने कधी हे काम केलंय त्याला कळेल की याहून मोठी शाळा नाही, आपण कागदावर लिहिलेलं प्रत्यक्षात कसं वाजतं हे त्याच दिवशी कानावर पडणं. बूलांजेबाईंची एक शिकवण तो नेहमी सांगायचा, की सूर बाराच आहेत, देव तेरावा देईपर्यंत या बारांचं आजवर कुणी कुणी काय केलं ते सगळं शिकून घे. आपल्याकडे सा पासून नी पर्यंत शुद्ध, कोमल, तीव्र धरून बाराच होतात, त्यामुळे मला हे फार घरातलं वाटतं.

आणि मग आपटला. १९५९ च्या शेवटी फ्री अँड ईझी नावाच्या संगीत नाटकाबरोबर स्वतःचा मोठा बँड घेऊन युरोपात गेला, नाटक पॅरिसमध्ये बंद पडलं. बाकी कोणी असता तर बँडला परतीची तिकिटं काढून दिली असती. याने बँड मोडला नाही. वादक, त्यांची बायकापोरं, सगळ्यांना घेऊन दहा महिने युरोपभर मिळेल तिथे कार्यक्रम करत फिरला. वादक एकापेक्षा एक, पण हातातोंडाची गाठ पडेना, आणि घरी परतला तेव्हा डोक्यावर जवळजवळ दीड लाख डॉलरचं कर्ज, त्या काळातले डॉलर. संगीत वेगळं आणि संगीताचा धंदा वेगळा हे तिथे कळलं असं तो स्वतः म्हणायचा.

म्हणून मर्क्युरी रेकॉर्ड्समधली टेबलाची नोकरी. १९६१ ला लागला आणि १९६४ ला उपाध्यक्ष, गोऱ्यांच्या मालकीच्या मोठ्या रेकॉर्ड कंपनीत इतक्या वरच्या खुर्चीवर तोवर काळा माणूस जवळपास दिसतच नव्हता. जॅझवाले मित्र नाराज झाले की हा बाजारू झाला. पण तिथे त्याने काय केलं बघा, लेस्ली गोर नावाची सोळा वर्षांची शाळकरी मुलगी, ढिगातून गाणी ऐकवून ऐकवून तिच्यासाठी इट्स माय पार्टी निवडलं, मार्च १९६३ ला रेकॉर्ड केलं, आवाज दोनदा घेऊन एकावर एक चढवला म्हणजे तो भरदार वाटतो. आणि वाद्यमेळ कुणाला करायला दिला? क्लाउस ओगरमनला! स्वतः इतका मोठा अरेंजर असून दुसऱ्याला दिला, कारण या गाण्याला तोच हात हवा होता. मला विचाराल तर हा माणूस प्रोड्युसर झाला तो या क्षणी. तेवढ्यात कळलं की फिल स्पेक्टर हा दुसरा प्रोड्युसर हेच गाणं दुसऱ्या ग्रुपकडून करून घेतोय, मग घाईघाईने शंभरेक चाचणी प्रती काढून रेडिओ स्टेशनांना पाठवल्या, आठवड्याच्या आत मुलीने गाडीत स्वतःचा आवाज रेडिओवर ऐकला आणि जूनमध्ये गाणं पहिल्या नंबरवर.

हाताने केलेल्या अरेंजिंगसाठी मात्र फ्लाय मी टू द मून ऐका, सिनात्रा आणि बेसी, १९६४. हे गाणं मुळात वॉल्ट्झ, तीन-तीनच्या ठेक्यात, हळुवार. क्विन्सीने ते चारात आणलं. तुमच्या ओळखीचं एखादं दादऱ्यातलं गाणं घ्या आणि केरव्यात म्हणून बघा, शब्द जीभेवर कुठे पडतात तेच बदलतं, तो लाजत बोलणारा माणूस एकदम टोपी तिरकी करून चालायला लागतो. सुरुवातीला फक्त ब्रशचा ड्रम, बेस, बेसीचे मोजके पियानोचे सूर, बासरी. ब्रास सगळं राखून ठेवलंय. पहिलं कडवं पूर्ण होईपर्यंत ट्रम्पेटवाले मांडीवर वाद्य घेऊन बसलेत जवळपास. आणि मग जेव्हा उठतात! मी तरुणपणी हे कानाने उतरवून काढायला बसलो होतो, कुठल्या मात्रेवर कोण शांत आहे हे लिहायलाच मला जास्त वेळ लागला.

बाकी नंतर लिहितो, काम आलंय.


खिडकीजवळ:

वा ट्रम्पेट, मस्तच. सिनेमाचं मी लिहिते मग, माझा प्रांत.

पहिला अमेरिकन सिनेमा द पॉनब्रोकर, १९६४, दिग्दर्शक सिडनी ल्युमेट. काळ्या संगीतकाराला हॉलिवूडमध्ये सिनेमा देणं ही तेव्हा जवळपास न ऐकलेली गोष्ट. त्यानंतर मर्क्युरी सोडून लॉस एंजेलिसलाच गेला. १९६७ या एका वर्षात इन द हीट ऑफ द नाइट आणि इन कोल्ड ब्लड. दोन्ही गुन्ह्याच्या गोष्टी आणि दोन्हीचं संगीत वेगळ्या दोन माणसांनी केलंय असं वाटावं. पहिल्यात दक्षिणेतला उकाडा, ब्लूज, शीर्षकगीत गायला कोण तर सिएटलचा जुना दोस्त रे चार्ल्स. दुसऱ्यात दोन डबल बास, खालच्या सुरात एकमेकांभोवती फिरणारे, जसे ते दोन खुनी गाडीतून चाललेत. सिनेमा परत लावाल तेव्हा त्या रात्रीच्या रस्त्याच्या प्रसंगांत फक्त खालचे सूर ऐका, चाल अशी काही हाती लागतच नाही, पण छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं होतं. त्याला याच वर्षासाठी दोन ऑस्कर नामांकनं होती, एक इन कोल्ड ब्लडच्या संगीताला आणि एक बॅनिंग नावाच्या सिनेमातल्या गाण्याला. स्पर्धेतलं ऑस्कर कधीच मिळालं नाही, १९९५ ला समाजकार्यासाठीचा जीन हर्शोल्ट पुरस्कार मिळाला. मला याचं अजून वाईट वाटतं.

आणि प्रश्नात विचारलंय ना की एकामागून एक की एकाच वेळी, तर एकाच वेळी. १९६६ ला वेगासमध्ये सिनात्रापुढे बँड चालवतोय आणि त्याच सुमारास सिनेमे करतोय, टीव्हीचं करतोय. सॅनफर्ड अँड सन या मालिकेचं ते मजेदार शीर्षक संगीत १९७२ चं, रूट्स मालिकेच्या संगीतासाठी एमी १९७७ चं. मध्ये १९७४ ला ऑगस्टमध्ये मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. दोन ऑपरेशनं. जगेल अशी आशा इतकी कमी होती की मित्रांनी आठवणींचा कार्यक्रम ठरवून टाकला होता, आणि हा त्या कार्यक्रमाला स्वतः जाऊन बसला, शेजारी डॉक्टर, फार भावूक व्हायचं नाही अशी ताकीद. डॉक्टरांनी ट्रम्पेट बंद केलं. जोरात फुंकलं तर ऑपरेशनात मेंदूत बसवलेली क्लिप सुटेल म्हणून. एकेचाळिसाव्या वर्षी वाद्य कायमचं गेलं हातातून.


तिसरा_ट्रम्पेट:

@खिडकीजवळ हे वाचून परत पोटात तुटलं. ट्रम्पेट वाजवणाऱ्याला ओठांची ती सवय माहीत असते, चार दिवस वाजवलं नाही तरी ओठ परके होतात. त्यानंतर पाच वर्षांत ऑफ द वॉल आला, मायकलचा थ्रिलरच्या आधीचा अल्बम, प्रोड्युसर क्विन्सीच. मला नेहमी वाटतं की वाजवायचं बंद झालं म्हणून त्याचे कान दुसऱ्यांच्या आवाजाकडे आणखी वळले असतील, पण हा माझा अंदाज, त्याने असं कुठे म्हटलेलं माझ्या वाचनात नाही.


कोमल_निषाद:

सगळं छान आहे पण मला थोडी वेगळी बाजू मांडायची आहे, राग नसावा. थ्रिलरचं श्रेय क्विन्सीला देताना लोक जरा जास्तच वाहवत जातात. नऊ गाणी. त्यातली बिली जीन, बीट इट, वॉना बी स्टार्टिन समथिन, द गर्ल इज माइन ही चार मायकलने स्वतः लिहिलेली. तीन रॉड टेम्परटन या गीतकाराची, त्यात खुद्द थ्रिलर आलं. ह्युमन नेचरची चाल टोटो या रॉक बँडमधल्या स्टीव्ह पोर्कारोची. राहिलं पी.वाय.टी., त्यात क्विन्सी आहे जेम्स इन्ग्रमबरोबर. आणि तो जो आवाज आहे, ड्रम असा समोर येऊन बसल्यासारखा, तो ब्रूस स्वीडियन या साउंड इंजिनिअरचा. बीट इटमधली ती गिटार एडी व्हॅन हेलनची. मग?

शिवाय बिली जीनची सुरुवात क्विन्सीला लांबलचक वाटत होती, कापून टाक म्हणत होता. मायकल म्हणाला की तिथेच तर मला नाचावंसं वाटतं. आणि मायकल बरोबर होता! आज ते ड्रम आणि बेस सुरू झाले की पहिला शब्द यायच्या आधीच अख्खी खोली ओळखते.

मायकल गेल्यानंतर रॉयल्टीवरून मायकलच्या इस्टेटीशी क्विन्सीची कोर्टकचेरी पण झाली, २०१७ ला ज्युरीने ९४ लाख डॉलर द्या म्हटलं आणि २०२० ला वरच्या कोर्टाने त्यातले बहुतेक कमी केले. म्हणजे कुणाचं किती हा वाद त्यांच्यातही मिटलेला नव्हता.


तिसरा_ट्रम्पेट:

निषाद, राग कशाला, तुमचा एकेक मुद्दा बरोबर आहे आणि सुरुवातीबद्दल तर शंभर टक्के, क्विन्सी तिथे चुकला होता. पण तुम्ही जी नावांची यादी दिलीत तीच माझी बाजू आहे हो. त्या सगळ्यांना त्या खोलीत आणलं कुणी?

टेम्परटन हा इंग्लंडमधला, हीटवेव्ह नावाच्या बँडमधला, त्याला ऑफ द वॉलसाठी क्विन्सीने शोधला. स्वीडियन तर शिकागोपासूनचा, मर्क्युरीच्या दिवसांतला त्याचा माणूस. व्हॅन हेलनला फोन क्विन्सीचा, रॉकवाला गिटारिस्ट काळ्या पॉप गायकाच्या गाण्यात, १९८२ ला हे कुणाच्या डोक्यात आलं असतं? आणि ह्युमन नेचर कसं सापडलं ते माहितीये ना? टोटोच्या डेव्हिड पेचने आपली गाणी कॅसेटवर पाठवली होती. ती ऐकून झाली, कॅसेट बंद केली नाही, चालूच राहिली, आणि पुढे पोर्कारोचं अर्धवट काहीतरी वाजायला लागलं, शब्द जवळपास नाहीतच, नुसतं गुणगुणणं आणि मध्येच व्हाय व्हाय. क्विन्सीने सांगितलं मला हे हवंय. ज्यासाठी कॅसेट आली होती ती गाणी राहिली बाजूला. नंतर जॉन बेटिस या गीतकाराकडून शब्द लिहून घेतले. आता यात क्विन्सीने एक सूर लिहिला नाही, एक शब्द लिहिला नाही. पण तो नसता तर ते गाणं त्या कॅसेटच्या शेपटाला पडून राहिलं असतं.

ऑफ द वॉलमधलं शी इज आउट ऑफ माय लाइफ ऐका. टॉम बाहलरचं गाणं, क्विन्सीने ते मुळात सिनात्रासाठी मनात धरलं होतं. मायकल विशीतला पोरगा, प्रत्येक टेकला शेवटच्या ओळीला रडायचा. सात-आठ, त्याहून जास्त टेक झाले, दर वेळी तेच. कुठल्याही स्टुडिओत आम्हाला काय शिकवतात, आवाज फुटला की परत घ्या. क्विन्सीने ते रडणं ठेवलं. रेकॉर्डवर आहे ते तसंच.

आणि थ्रिलरचा शेवट. १९८२ च्या नोव्हेंबरात रेकॉर्ड काढायची तारीख डोक्यावर, वेस्टलेक स्टुडिओत तीन तीन खोल्यांत काम चालू, पहाटेपर्यंत जागरणं, तबकडी कापून आली आणि सगळ्यांनी मिळून ऐकली तर आवाज मेलेला. कारण अगदी साधं आहे, तबकडीच्या एका बाजूला जितकी जास्त मिनिटं कोंबाल तितक्या खाचा अरुंद कराव्या लागतात, आणि अरुंद खाचेत बेसची मोठी लहर मावतच नाही, मग आवाज खाली आणावा लागतो. त्यांनी मोहाने खूप भरलं होतं. मायकल रडायला लागला म्हणतात. कंपनी थांबायला तयार नाही. त्या क्षणी प्रोड्युसरने म्हणायचं असतं की ही रेकॉर्ड जाणार नाही, आणि क्विन्सीने म्हटलं. दोन दिवस सुटी घेतली, कानांना विश्रांती, मग द लेडी इन माय लाइफमधलं एक कडवंच काढून टाकलं, अशी छाटाछाट केली आणि रोज एक याप्रमाणे सगळी गाणी नव्याने मिक्स केली, म्हणजे प्रत्येक आवाज आणि वाद्य किती मोठं ठेवायचं ते परत ठरवलं. तुम्ही म्हणता तो ड्रम समोर येऊन बसतो तो स्वीडियनच्या हातामुळे खराच, पण त्याला बसायला जागा झाली ती या छाटणीमुळे. बिली जीनची स्वीडियनने ९१ मिक्स केली होती, आणि शेवटी क्विन्सी म्हणाला दुसरं परत लावून बघू. रेकॉर्डवर दुसरंच आहे.


कोमल_निषाद:

कॅसेटची गोष्ट माहीत नव्हती. तबकडीचं गणित माहीत होतं पण ते थ्रिलरच्या बाबतीत घडलंय हे खरंच नव्हतं माहीत. मान्य, श्रेयाबद्दल माझा सूर थोडा खाली आणतो.


रात्रपाळी:

यात वी आर द वर्ल्ड राहिलं की! गाणं मायकल आणि लायनेल रिचीचं, पण २८ जानेवारी १९८५ ची ती रात्र म्हणजे ट्रम्पेट दादा म्हणतात ते माणसांचं अरेंजिंग डोळ्यांनी बघायला मिळतं. हॉलिवूडच्या ए अँड एम स्टुडिओत चाळीसच्या वर मोठे मोठे कलाकार, अमेरिकन म्युझिक अवॉर्ड्सचा सोहळा आटोपून थेट आलेले. दारावर कागद लावला होता, अहंकार बाहेर ठेवून आत या अशा अर्थाचा. जमिनीवर टेप लावून प्रत्येकाच्या नावाची जागा ठरलेली, म्हणजे मी इथे का आणि ती तिथे का हा प्रश्नच नको. कुठली अर्धी ओळ कुणी गायची हे आधीच कागदावर, आवाजांचा पल्ला बघून, एकाचा जाडसर आवाज संपतो तिथे दुसऱ्याचा बारीक सुरू होतो. त्या चित्रीकरणात बॉब डिलन बघा, एवढा मोठा माणूस पण बिचारा अवघडून उभा, त्याला आपली ओळ कशी म्हणायची तेच कळेना. मग बाकीच्यांना बाहेर काढलं, स्टीव्ही वंडर पियानोवर बसला आणि डिलनच्याच ढंगात ती ओळ डिलनला म्हणून दाखवली. डिलन हसला आणि मग गायला. पहाट झाली होती तेव्हा.


खिडकीजवळ:

ते चित्रीकरण मी तीनदा पाहिलंय. क्विन्सी कुठेही आवाज चढवत नाही. त्या गर्दीत.

जाता जाता, कलर पर्पलसाठी ओप्रा विन्फ्रीला शोधणारा पण हाच, शिकागोला कामासाठी गेला होता आणि हॉटेलात टीव्हीवर तिचा सकाळचा कार्यक्रम दिसला. तोपर्यंत तिने एकाही सिनेमात काम केलं नव्हतं.


उशिराची_गाडी:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल रात्री दिवे बंद करून तुम्ही सांगितलं तसं ऐकलं. आधी फ्लाय मी टू द मून, आणि खरंच ब्रास कधी येतंय याची वाट बघत बसले, आलं तेव्हा खुर्चीतून उठलेच. मग शी इज आउट ऑफ माय लाइफ. शेवटच्या शब्दाला त्याचा आवाज तुटतो ते मी इतकी वर्षं ऐकतेय पण ती गायकी आहे असं समजत होते.

ट्रम्पेट दादा, आता पुढचं काय ऐकू? एकाच रेकॉर्डमध्ये त्याचं जॅझ आणि नंतरचं दोन्ही भेटेल असं काही आहे का?


तिसरा_ट्रम्पेट:

आहे ना. बॅक ऑन द ब्लॉक, १९८९. स्वतःच्या नावावरची रेकॉर्ड, अल्बम ऑफ द इयरचं ग्रॅमी मिळालेली. एला फिट्झगेराल्ड, सारा व्हॉन, डिझी, माइल्स डेव्हिस हे जुने सगळे एकीकडे आणि त्याच तबकडीवर आइस-टी, बिग डॅडी केन असे रॅपवाले, आणि रे चार्ल्स चाका खानबरोबर. बर्डलँडचा ट्रॅक आधी लावा. माइल्स आणि डिझी दोघांचे ट्रम्पेट आहेत त्यात, कुठला कुणाचा ते ओळखायचा प्रयत्न करा. डिझीचा चमकदार, वरच्या पट्टीत धावणारा, आणि माइल्सचा म्यूट, म्हणजे आवाज दबवणारं बूच, लावलेला, कोपऱ्यात उभं राहून बोलल्यासारखा. त्यानंतर मागे जाऊन १९६२ चं सोल बोसा नोव्हा, ते तर ऐकताक्षणी ओळखाल, बासरीचं आहे.

ओळखलंत की इथे लिहा, मी वाट बघतोय.